एक माणूस, दोन रकाने

३ जून, मंगळ.
पत्र आलं! संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत निवड. तारिहाळच्या कारखान्यात चार वर्षं लोकांनी बनवलेले पार्ट मोजून तपासले, पुरे झालं. पण रुजू होण्याआधी चौकशी. फॉर्म हा एवढा जाड. त्यात 'परदेशातले नातेवाईक'. म्हणजे अक्का आणि मामा. अक्का तर गेल्या वर्षी कॅनडाची नागरिकसुद्धा झाली.

५ जून
अप्पा म्हणाले, "अक्काचं नाव घालू नको. कोण बघतंय?" जन्मभर सरकारी नोकरी केलेला माणूस हे बोलतो! फोनवर अक्काचंही तेच, "माझ्यापायी तुझं अडायला नको गं." दोघांशी भांडले. घातलं नाव.
मग आई चष्मा लावून फॉर्म बघायला बसली. मामाला 'बहिणीचा नवरा' म्हणून लिहिलेलं तिला झोंबलं. "आधी माझा भाऊ तो, मग जावई." तिच्या समाधानासाठी खालच्या रकान्यात मामा म्हणूनही लिहिला. आमच्यात अक्का मामालाच दिलीय, त्यात कुणाला काय वाटायचंय.

२७ जून
वाटलं हो वाटलं. खात्याचं पत्र आलं: परदेशातले तीन नातलग दाखवलेत, पैकी दोघांचं नाव, जन्मतारीख, पत्ता एकच, खुलासा करा. कारखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढते म्हणे, शहाणी! आई देवापुढे बसून आहे.

१ जुलै
खुलासा धाडला. सोबत प्रतिज्ञापत्र, अक्काची लग्नपत्रिका.

८ जुलै
चौकशीचे साहेब घरी आले, इथल्याच पोलीस खात्यातले. मी मामाचं सांगायला लागले तर साहेब हसतच सुटले. "नम्म मन्यागू हंग ऐत री!" म्हणजे आमच्या घरीही तसंच. त्यांचीही बायको सख्ख्या बहिणीची मुलगी. आईने लगेच दुसरा चहा टाकला.
मग गंभीर झाले. बहिणीशी किती वेळा बोलता? अप्पांनी डोळ्यांनी खुणावलं, सणावाराला म्हण. मी म्हटलं, रोज. त्यांनी लिहून घेतलं. "माझं मी लिहितो री. ठरवणार वरचे."
साहेब गेले तसे अप्पा फोन घेऊन बाहेर गेले.

२२ जुलै
दोन आठवडे अक्काचा फोन नाही, मेसेज नाही, मी केला तर उचलत नाही. मला वाटलं कामात असेल. आज आईने सांगितलं. अप्पांनीच तिला कळवलंय, निकाल लागेपर्यंत फोन करू नको. आणि ती कबूल झाली! रागाने रडू आलं. अप्पा हळूच, लहानपणीच्या लाडाच्या हाकेने म्हणाले, "तुझ्यासाठीच केलं, पुट्टी." राग आहेच. पण त्यांचा चेहरा बघवेना.

४ ऑगस्ट, सोम.
दुपारी साहेबांचा फोन. खुलासा मान्य, फाईल वर गेली. होकार नाही अजून. पण म्हणाले, लपवलेलं नातं अडतं, सांगितलेलं बहुधा नाही. त्या 'बहुधा'वर मी दुपारपासून उडतेय.
घरी आल्या आल्या अप्पांच्या समोरच अक्काला फोन लावला. तिकडे पहाट. दचकूनच उठली, "लागली नोकरी?"
"नाही अजून."
"मग कशाला केलास गं?"
"रोज बोलतो असं सरकारने लिहून घेतलंय. खोटं पडायला नको."
हसली, मग रडायला लागली. अप्पांनी नुसता हात पुढे केला. दिला फोन. अर्धा तास झाला, अजून परत दिलेला नाही.