गट नंबर एकशे बारामधलं रेल्वे स्टेशन

वडाळखेडे, ता. पारोळा
शनिवार, १४ मार्च

चि. नवल यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

मी धडधाकट आहे. गुडघे माझं ऐकतात. तुझी साखर किती आली ते माझ्या भावजयीने, हेमांगीने कळवावं, तू कळवू नयेस. आकडे सांगताना तू लहानपणापासून स्वतःला झुकतं माप देतोस. तिच्यासाठी भाकरीला कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ आणि भरताची चार वांगी एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवली आहेत. वांगी हिरवी आहेत म्हणून कच्ची समजून फेकू नयेत. मागच्या वेळी फेकली होतीत, मला समजलं आहे.

आता एक सूचना. या आठवड्यात तुझ्या पत्त्यावर शिक्का मारलेला खाकी लिफाफा येईल. आला नसेल तर उत्तम. आला असेल तर फोडू नकोस. फोडला असशील तर खाली बस, पाणी पी, आणि आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. मी फोन केला असता, पण फोनवर तू मध्ये बोलतोस.

धुळे-जळगाव रोजची लोकल येणार आणि तिचं एक स्टेशन आपल्या शिवारात, अगदी तुझ्या शेताच्या बांधाला लागून होणार, हे तुला मीच कळवलं होतं. (त्यावर तू निवृत्तीनंतर तिथे बंगला बांधण्याचं आणि उरलेल्या जमिनीचे प्लॉट पाडण्याचं चित्र मोबाइलवर पाठवलंस. त्या चित्रात नारळाची झाडं होती. आपल्याकडे नारळ कधी पाहिलास?) बातमी आल्यापासून गाव अंगात आल्यासारखं वागतं आहे. हिलाल पानटपरीवाल्याने टपरीवर ‘स्टेशन व्ह्यू’ अशी पाटी लावली. तिथून फक्त बाजरी दिसते. अभयकुमार शेठजींनी दुकानाचं तोंड पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरवलं, मग स्टेशनचा दरवाजा कुठल्या बाजूला येणार हे नक्की नाही असं ऐकून दोन्हीकडे दार काढलं. आता त्यांच्या दुकानात एका दाराने शिरून दुसऱ्या दाराने गावातली शेळ्यामेंढरं बाहेर पडतात. त्यातच सरकारचा कागद आला की स्टेशनभोवतीच्या परिसराचा विकास आराखडा करायचा आहे, त्यासाठी नागरिकांची समिती हवी. ग्रामसभेत अध्यक्ष कोण यावर दीड तास आरडाओरडा झाला. शेवटी मी शिट्टी वाजवली. (एकतीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवल्यावर शिट्टी पर्समध्येच असते.) सगळे सवयीने रांगेत उभे राहिले आणि अध्यक्ष मी झाले.

आराखडा करणाऱ्या कंपनीकडून अर्पित नावाचा एक तरुण अभियंता आला. मुलगा सालस, बूट पांढरे. त्याने भिंतीवर नकाशा लावला, स्टेशनभोवती एक गोल काढला आणि सांगितलं, मॅडम, हे आठशे मीटर, म्हणजे दहा मिनिटं चालण्याचं अंतर. विकास सगळा या गोलाच्या आत. मी विचारलं, कोणाच्या चालण्याचं? तो म्हणाला, सरासरी माणसाच्या. आता नवल, सरासरी माणूस या गावात कोण आहे ते मला माहीत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता स्टॉपवॉच घेऊन मी आठशे मीटर मोजून दिले आणि लोकांना चालवलं. झुंबरबाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन साडेसात मिनिटांत पोचली आणि आणखी कुठे जायचं आहे का असं विचारू लागली. अर्पितला दहा मिनिटं तेवीस सेकंद लागली (त्यातली तेवीस बूट वाचवण्यात गेली). उखर्डूनाना त्रेपन्न मिनिटांनी आले. वाटेत त्यांनी दोन ठिकाणी चहा घेतला, एक सोयरीक मोडली आणि एक जुळवली. नानांच्या चालीने गोल काढला तर तो दीडशे मीटरचा निघतो आणि त्यात स्टेशन, शेठजींच्या दुकानाचं एक दार आणि कडुनिंब एवढंच मावतं. अर्पितने सगळं टॅबलेटमध्ये लिहून घेतलं आणि पहिल्यांदाच मला मॅडम न म्हणता बाई म्हणाला.

इथवर सगळी मौज होती. पुढे शेवंताबाई आली. तुला शेवंताबाई आठवते. बाजारात चिंचेखाली बसते, तुला लहानपणी बोरं फुकट द्यायची आणि तू तिलाच जिभल्या दाखवायचास. तिने नकाशावर आपल्या मंगळवारच्या बाजाराची जागा शोधून काढली. ती हिरव्या रंगाने भरलेली होती. हिरवा रंग पाहून बाईला वाटलं, सरकारने आपल्या मेथीची दखल घेतली. आठ दिवस ती गावभर सांगत होती. मग मला नकाशाखालची बारीक अक्षरं वाचून दाखवावी लागली: हिरवा म्हणजे शोभेची हिरवळ, त्यावर बसण्यास मनाई, आणि शेजारी गाड्यांचा वाहनतळ. बाजार कुठे, तर कुठेच नाही. कोणी मुद्दाम काढला नव्हता. आठवड्यातले सहा दिवस ती जागा मोकळीच असते, त्यामुळे मापं घेणाऱ्यांना बाजार दिसलाच नव्हता. शेवंताबाई भांडली नाही. नकाशावर बोट ठेवून एवढंच म्हणाली, “बाई, या बठ्ठा कागदमा मनी टोपली कोठे शे?” मी सगळा कागद पुन्हा पाहिला, तिची टोपली कुठेच नव्हती. मला उत्तर नसण्याची सवय नाही, त्यामुळे मला राग आला.

रागात मला नेहमी मैदान सुचतं. ज्या नकाशावर उभं राहता येत नाही तो लोकांना कळत नाही. मी खो-खो कधी फळ्यावर शिकवला नाही. म्हणून ठरवलं की आराखडा खऱ्या मापाने जमिनीवर आखायचा आणि त्यात बाजार कुठे बसतो ते बाजारानेच बसून दाखवायचं. त्यासाठी स्टेशनजवळची सपाट, मोकळी जमीन हवी होती. कपाशीच्या काड्या उपटून झालेलं तुझं चार एकर शेत तयारच होतं. (विचारायला हवं होतं हे मान्य. पण तू मध्ये बोलला असतास.) शेठजींनी मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीची नऊ पोती दिली, शाळेने फक्की मारायची गाडी दिली, आणि मी गेल्या महिन्यात एका सोमवारी दिवसभर तुझ्या शेतात तिकीटघर, फलाट, रिक्षातळ आणि बाजाराचे दोन बाय दोन मीटरचे एकशे चाळीस चौकोन मारले. फलाट आखूड झाला, नाहीतर पलीकडच्या विहिरीत उतरला असता. हाताला वळणाची सवय असल्यामुळे स्टेशनभोवती दोनशे मीटरचा सहा पट्ट्यांचा धावमार्गही पडला. लांब उडीचा खड्डाही आखला गेला, आणि तो हिलालने खणूनही टाकला, कारण त्याला वाटलं की हे शौचालय.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी बाजाराच्या तोंडाशी उभी राहून शिट्टी वाजवली आणि सगळा बाजार, टोपल्या, हातगाड्या, बांगड्या, मिरच्या, कटलरी, उचलून तुझ्या शेतात नेला. नवल, तू बघायला हवं होतंस. फक्कीची रेघ पाहिली की माणसाचं काय होतं मला ठाऊक नाही, पण या गावाने जन्मात पहिल्यांदा रांग धरली. जिथे भिंत आखली होती तिथून कोणी जाईना, वळसा घालून दारातून जात होते. एक कुत्रा भिंतीतून आरपार गेला तर चार जणांनी त्याला दटावलं. शेवंताबाईने तीन चौकोन बसून पाहिले आणि चौथा धरला, कारण गाडीतून उतरणाऱ्याला आधी तिची मेथी दिसते. रिक्षावाले धावमार्गाच्या दुसऱ्या पट्टीत लागले. पहिली पट्टी पाहुण्यांसाठी ठेवावी असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. हिलाल तिकीटघराच्या चौकोनात जाऊन बसला आणि तासाभरात त्याच्या अंगात असा काही बाबू संचारला की सुट्टे नाहीत म्हणून लोकांना परत पाठवू लागला. (तिकीटही नव्हतं आणि पैसेही कोणी देत नव्हतं.) उखर्डूनानांनी साक्रीचं तिकीट मागितलं, त्यांची मुलगी तिकडे दिली आहे. हिलाल म्हणाला, साक्रीला ही लाइन जात नाही. नाना म्हणाले, तुन्हा बापले इचार, मी गाडी सुरू होवानं पहिले मरसू का? दोघांचं इतकं जुंपलं की शेवटी मला नानांना जळगावमार्गे साक्रीचं तिकीट द्यायला लावावं लागलं. ते घेऊन नाना फलाटावर जाऊन बसले आणि दर पाच मिनिटांनी गाडीची वेळ विचारत राहिले, “बाई, गाडी कव्हय येई?”

आणि अकरा वाजता खरोखरच घर्रर्र असा आवाज आला. सगळा फलाट उठून उभा राहिला. झुंबरबाईने पदर सावरला, नानांनी पिशवी उचलली. गाडी नव्हती. वर आकाशात अर्पितच्या कंपनीचा ड्रोन होता. तो शुक्रवारी येणार होता, पण शुक्रवारी दुसरीकडे काम निघाल्यामुळे मंगळवारीच आला. लोकांनी हात हलवले, पोरांनी टोप्या उडवल्या. ड्रोन दोन घिरट्या घालून गावाच्या जुन्या बाजारपटांगणावर गेला, जिथे त्या वेळी एक गाढव सोडून कोणी नव्हतं, आणि फोटो काढून निघून गेला.

पुढचं तू ओळखलं असशील. शेवटी तूही आपल्याच घरातला आहेस. गेल्या सोमवारी प्रारूप आराखडा ग्रामपंचायतीत लागला. जुनं बाजारपटांगण: वापरात नसलेली जागा, वाहनतळासाठी योग्य. गट नंबर एकशे बारा, म्हणजे तुझं शेत: अस्तित्वातील आठवडे बाजार, नियोजनबद्ध, एक एकर, कायम ठेवावा. त्याशिवाय अस्तित्वातील क्रीडांगण, एक. आणि हिलालचा खड्डा: अस्तित्वातील जलस्रोत, संवर्धन करावे. अर्पित तर आनंदाने फुलला होता. म्हणाला, बाई, या सगळ्या लाइनवर इतका शिस्तीचा बाजार दुसरा नाही, वरिष्ठ विचारत होते की हा कोणी आखला.

मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. तू मला ओळखतोस. मी परीक्षेत स्वतःच्या भाच्याची कॉपी पकडून दिली आहे, आणि तुझ्या मुलाला ते अजून लागलेलं आहे. पण समोर शेवंताबाई उभी होती. तिला नकाशावरची अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून ती माझं तोंड वाचत होती. तिने विचारलं, “मनी टोपली सापडनी का, बाई?” मी म्हटलं, सापडली. तिने पदर तोंडावर धरला. मग मला बाकीचं बोलता आलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी शिट्टी तोंडात असून वाजवली नाही.

दुसऱ्याच दिवशी मंगळवार होता. कोणीही न सांगता सगळा बाजार तुझ्या शेतात येऊन आपापल्या चौकोनात बसला. फक्की वाऱ्याने अर्धी उडाली आहे, पण रेघा आता कोणाला लागत नाहीत.

तर असं सगळं क्षेम आहे. प्रकृतीला जपावं, रोज आठशे मीटर चालावं, आणि वेळ लावून चालावं.

तुझी,
कोकिळाअक्का

ता. क. आराखड्यावर हरकत घ्यायला तीस दिवस आहेत. इतर कोणी घेणार नाही, मी पाहिलं आहे. जमीनमालकाची हरकत मात्र ऐकून घेतात, आणि मालक तू आहेस. हरकत घेऊ नकोस. एक एकर बाजाराला गेलं तरी तीन उरतात, नारळ तिथे लाव. सोबत संमतीपत्र जोडलं आहे. जिथे सही करायची तिथे मी पेन्सिलीने फुल्या मारल्या आहेत. सही आधी, मग हेमांगीशी चर्चा.

आणखी ता. क. सहीला उशीर होणार असेल तर आठवण देते: इयत्ता सातवीच्या प्रगतिपुस्तकावर आबांची सही कोणी केली होती हे मला त्याच दिवशी समजलं होतं. ते पुस्तक माझ्याकडे आहे. हेमांगीने अजून पाहिलेलं नाही.

पुन्हा ता. क. लिफाफा आता फोड. ती गट नंबर एकशे बारामधलं विनापरवाना बांधकाम, म्हणजे एक तिकीटघर व एक फलाट, सात दिवसांत पाडण्याची नोटीस आहे. घाबरू नकोस. मी आणि झुंबरबाईने ते काल दोन खराट्यांनी चार मिनिटांत पाडलं, फोटो जोडला आहे. उखर्डूनाना तेवढे फार रडले. त्यांचं तिकीट अजून वापरायचं राहिलं आहे.

शेवटचं. तुझ्या नावाचा एक चौकोन राखून ठेवला आहे, शेवंताबाईच्या शेजारचा. हिलालला टपरीसाठी हवा होता, पण शेवंताबाई टोपली मध्ये घालून बसली आणि म्हणाली, नवलनी जागा शे, पोरगं बोरं खावाले येई. दोन बाय दोन मीटर आहे. बंगला मावणार नाही, पण तुला बसता येईल. मंगळवारी ये.