रविवारी आम्ही दोघं सिनेमा बघतो

आई,

गेल्या रविवारी आम्ही परत एक मारधाडीचा सिनेमा पाहिला. तुला आवडला असता. हिरो एवढ्या उंच इमारतीवरून उडी मारतो, खाली उभ्या गाडीच्या टपावर पडतो, टप चेपतो, आणि हा गडी शर्टाची इस्त्रीसुद्धा न मोडता उठून पळायला लागतो. तू म्हणाली असतीस, कापड चांगलं आहे, कुठून घेतलं विचार. त्याच्या आधीच्या रविवारी यंत्रमानवांचा होता. यंत्रं शहाणी होतात आणि माणसांना कामाला लावतात, अशी गोष्ट. मला त्यात काही नवल वाटलं नाही, आमच्या पलासिया चौकातल्या ऑफिसात कॉम्प्युटर सांगेल तेव्हाच आम्ही जेवायला उठतो. त्याच्याही आधी एक काळात मागे जाण्याचा होता, तो मला अजिबात समजला नाही. एकच माणूस म्हातारा आणि तरुण होऊन स्वतःशीच भांडतो. तुझ्या नातीने मला दोन वाट्या आणि एक चमचा घेऊन समजावलं, चमचा म्हणजे हिरो. मी मान डोलवली, पण माझं लक्ष तिच्या हाताकडे होतं, किती वाळलाय ते बघत होतो.

तू गेलीस तेव्हा ती दोन वेण्या घालून शाळेत जात होती. मग शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन पुण्याला गेली. दिवाळी झाल्यावर एक दिवस न कळवता दारात उभी, हातात एकच बॅग. 'थोडे दिवस राहते, बाबा,' म्हणाली. ते थोडे दिवस अजून चालूच आहेत. काय झालं ते सांगत नाही. तुझी सून विचारते, मी विचारत नाही, आणि दोघांनाही सारखंच उत्तर मिळतं. तिच्या आईने फार खोदून विचारलं की पोरगी खोलीचं दार लावून घेते, आणि मग ही ओट्यापाशी उभी राहून डोळे पुसते. मी मात्र रविवारी दुपारी टीव्ही लावतो आणि नुसता बसतो. थोड्या वेळाने ती येते, सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला पाय वर घेऊन बसते, आणि मग आम्ही बोलतो. सिनेमाबद्दल बोलतो. 'व्हीएफएक्स एकदम बेकार आहे, बाबा.' 'सेकंड हाफ खिंच गया यार.' 'हा विलन तर मला पहिल्या सीनलाच कळला होता.' दिवाळीपासून आमच्या दोघांत जे काही बोलणं झालंय ते असं आहे. मला तेवढंही पुरतं असं मी स्वतःला सांगतो.

आधी आम्ही थिएटरात जायचो. तिथे एकदा मध्यंतरात आपल्या जुनी इंदूर भागातले शेजारी भेटले, तेच, ज्यांना तू चहाला बोलवायचीस आणि गेल्यावर नावं ठेवायचीस. 'अरे, बिटिया आई है! कितने दिन है? दामादजी नहीं आए?' ती हसून म्हणाली, 'उनको छुट्टी नहीं मिली, अंकल.' मग अंधारात परत जाऊन बसली आणि पॉपकॉर्नचा डबा मांडीवर तसाच धरून राहिली, एक दाणा तोंडात टाकला नाही. पडद्यावर पूल कोसळत होते, गाड्या हवेत उडत होत्या, आणि मी शेजारी हाताची घडी घालून बसलो होतो. तेव्हापासून घरीच बघतो.

तुला माहीत आहे ना, ही सवय तुझीच आहे. मला अजून तो स्वयंपाकघराचा उंबरठा दिसतो. तू त्याच्यावर बसली आहेस, पुढ्यात परात, किसणीवर मक्याचे भुट्टे किसतेस, आणि बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर इंग्रजी सिनेमा हिंदीतून चालू आहे. किसाचे शिंतोडे तुझ्या चष्म्यावर उडतात आणि तू ते पुसत नाहीस, कारण तेवढ्यात कुणीतरी मरेल. मी तेव्हा नवा नवा शहाणा. म्हणालो, 'आई, हे सगळं खोटं असतं, वायरला टांगतात त्यांना.' तू मान न वळवता म्हणालीस, 'ठाऊक आहे रे. खरं दिवसभर बघते की मी. गप बस, नाहीतर ऊठ तिथून.' पुढे पगार सुरू झाल्यावर तुला डीव्हीडीचा प्लेअर आणून दिला, तर तू त्याच्यावर क्रोशाचं झाकण विणून घातलंस आणि म्हणालीस, टीव्हीवर लागतो तोच बरा, आपण निवडला की मजा जाते. नात तुझ्या मांडीला टेकून बसायची आणि तुम्ही दोघी मिळून मेलेली माणसं मोजायचात.

आणि तुझं ते हिंदी. साताऱ्याहून लग्न होऊन इंदूरला आलीस, इथे जन्म गेला, भाजीवाल्याशी भांडण्यापुरतं हिंदी पक्कं झालं, पण काही शब्द तू मराठीतच ऐकायचीस. त्या डब केलेल्या सिनेमांत दूरच्या ग्रहावरचा राजा रामलीलेतल्या रावणासारखा बोलतो. तो साधं 'दुनिया' म्हणत नाही. तो हात वर करून गरजतो, 'मैं पूरे संसार का विनाश कर दूँगा!' पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा तुझी किसणी थांबली आणि तू काळजीने विचारलंस, 'कुणाचा?' माझे बाबा हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी होते. ते समजावून सांगायला लागले की हिंदीत संसार म्हणजे सगळं जग. तू म्हणालीस, 'असेल. पण संसार कुणाचातरी असतो की नाही? नुसताच कसा असेल?' त्यानंतर आपल्या घरात नियमच झाला. पडद्यावर कुणी संसार म्हणालं की आपण सगळे एका सुरात ओरडायचो, 'कुणाचा?' सगळ्यात मोठा आवाज नातीचा असायचा.

आता मुद्द्यावर येतो. मागच्या आठवड्यात जावयाचा फोन आला. फार नम्र मुलगा आहे, आई. भेटला की वाकून नमस्कार करतो, माझ्या बीपीच्या गोळ्यांची चौकशी करतो. सिनेमातला खलनायक एक बरा, त्याच्या चेहऱ्यावर व्रण असतो आणि मारण्याआधी तो आपला सगळा बेत सांगतो. इथे मला कुणीच काही सांगत नाही. तो म्हणाला, 'बाबा, मी पुढच्या शनिवारी येतोय तिला न्यायला. सामान भरून ठेवायला सांगा.' तुमचं काय म्हणणं, असंही त्याने विचारलं नाही, आणि मीही काही म्हटलं नाही. 'बरं,' एवढंच तोंडातून गेलं. फोन ठेवल्यावर सुचलं की 'तिला विचारून सांगतो' असं म्हणता आलं असतं. तिला निरोप सांगितला, तर तीही 'बरं' म्हणाली. पण ती आल्यापासून मी एक गोष्ट बघतोय. परवा ती फ्रिज उघडून उभी होती आणि मला विचारत होती, 'बाबा, एक चिकू घेऊ?' आपल्या घरात, आई. जी पोरगी तुझ्या ताटातली पुरणपोळी पळवायची, ती चिकू घेऊ का विचारते. मी 'घे की' म्हणालो आणि गच्चीवर जाऊन बराच वेळ उभा राहिलो. तिला तिथे कुणी काय शिकवलं असेल याचा विचार करत होतो, आणि तो पुरा करायची माझी हिंमत झाली नाही.

तर गेल्या रविवारी. तुझी सून देवासला तिच्या बहिणीकडे गेली होती. शर्टवाला सिनेमा संपला, दुपार शिल्लक होती, म्हणून आम्ही टीव्हीवर लागलेला दुसरा लावला. अंतराळातला, हिंदीत डब केलेला. जहाजं, लाल प्रकाश, हिरव्या तोंडाचा राजा. तिने 'कॉश्च्यूम तर राजवाड्याच्या बाजारातून भाड्याने आणलाय' म्हटलं, मी हसलो, बरं चाललं होतं. मग तो राजा सिंहासनावरून उठला आणि गरजला, 'अब इस संसार को कोई नहीं बचा सकता!' माझ्या तोंडून सवयीने गेलं, 'कुणाचा?'

ती पडद्याकडेच बघत होती. म्हणाली, 'माझा, बाबा.'

हसत नव्हती. रडतही नव्हती. मला काय काय बोलता आलं असतं, ते आता भराभरा सुचतं. राहा म्हणता आलं असतं. काय झालं बाळा, असं तरी. डोक्यावर हात तरी ठेवायचा. मी रिमोट उचलला आणि म्हणालो, 'बंद करू का?' ती म्हणाली, 'नको, चालू द्या ना.' मग तो सिनेमा चालू राहिला. कोण जिंकलं ते मी पाहिलं नाही. मला फार वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, की मी आणखी काही विचारलं तर ती खरंच सांगेल. दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, 'क्या भिया, संडे को क्या देखा?' मी म्हणालो, 'एक स्पेस वाला था। ठीक था, टाइमपास।'

हे सगळं तुला लिहितोय कारण तू दोन शब्दांत काहीतरी ठणकावून मोकळी झाली असतीस. मला ते जमत नाही. कागद कपाटातच राहील, तुझ्या नातीच्या हाती लागू नये म्हणून वरच्या खणात ठेवीन. आज शुक्रवार आहे. संध्याकाळी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. बॅग पलंगाखालून काढलेली नव्हती, घड्या नुसत्या उशीवर रचत होती. मी दारातून जात होतो तर तिने हाक मारली.

'बाबा, उद्या तुम्ही घरीच असाल ना? पूरा दिन?'

'असेन,' म्हणालो.

तिने मान हलवली आणि परत घड्या घालायला लागली. आई, घरी असून मी नेमकं काय करायचं ते मला माहीत नाही, आणि हे मी तिला सांगितलेलं नाही.