चौथी तबकडी

प्रिय बाबा,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि समोर आलास की मीच गप्प बसते, म्हणून लिहितेय. मध्येच उठून ड्रमवर जाऊन बसू नकोस. शेवटपर्यंत वाच.

तीन महिने तू माझं डोकं उठवलंयस. तुझी चाळीस वर्षांपूर्वीची जॅझची तबकडी पुन्हा निघणार आणि ती घडवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला कोण आनंद झाला होता! पियानो, बास आणि ड्रम असे तिघं असले की नाव पियानोवाल्याचं लागतं. तुमच्यात ते तुझं लागलं, कारण चाली तुझ्या आणि दादागिरीही तुझीच. मूळ टेप अगदी धडधाकट सापडली. मी ती थेट लाखेच्या तबकडीवर कोरली, कारखान्यातून नमुना छापून आणला आणि तुला पाठवला. करारात अट आहे, तुझी सही झाल्याशिवाय एकही प्रत छापायची नाही. ती अट मीच हट्टाने घालून घेतली होती. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतला, दुसरं काय!

तुझी चिठ्ठी आली, 'सिंबल कुठंय? गिळलंस?' मी टेप पुन्हा ऐकली. सिंबलची पितळी थाळी जागच्या जागी वाजत होती. तरी तुझा शब्द म्हणून वरचे सूर चढवून ते जरा उजळ केलं. दुसरा नमुना परत. आणखी उजळ केलं. तिसराही परत, वर टोमणा, की हल्लीच्या मुलांना यंत्रं कळतात, वाद्यं नाही. त्या दिवशी मी इतकी चिडले की जेवणाचा डबा न उघडता तसाच घरी नेला. वीस वर्षं हेच काम करतेय मी, बाबा. ब्रशचा आवाज आणि काठीचा आवाज यांतला फरक तुझ्याच मांडीवर बसून शिकलेय.

आणि इकडे तुमच्या तिघांतले पियानोकाका. ते अंथरुणाला खिळलेत, डॉक्टरांनी काय सांगितलंय तेही तुला माहीत आहे. पहिला नमुना मी तुला न सांगता त्यांना नेऊन ऐकवला होता. दुसऱ्या बाजूच्या संथ तुकड्यात तुझं सिंबल आलं तसे डोळे मिटून म्हणाले, "हा बघ, आला तुझा बाप." दर आठवड्याला विचारतात, छापली का गं? त्यांच्यापाशी तेवढे आठवडे नाहीत. काय सांगू मी त्यांना?

मग दोन आठवड्यांपूर्वीचा तो रविवार. तुला कणकण वाटत होती, म्हणून काखेत थर्मामीटर लावून बसला होतास. तो वाजला. पुन्हा वाजला. मला पार स्वयंपाकघरात ऐकू आलं आणि तू मात्र तसाच बसून बडबडत होतास, की याची बॅटरीही तुझ्या सिंबलसारखीच मेलीय. मी येऊन तो काढून घेतला, ताप नाही म्हणाले आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

दुसऱ्या दिवशी चौथी तबकडी कोरली. कारखान्यात न पाठवता लाखेचीच तुला आणून दिली. सिंबल इतकं चढवलं होतं की आमच्या मशीनवाल्या मिस्त्रीने कानांवर हात ठेवले. म्हणाला, "ताई, दात शिवशिवले!" तुझा मात्र लहान मुलासारखा खुशीत फोन आला, "आता आलं! छाप!" लगेच सहीसुद्धा करून पाठवलीस.

बाबा, ती मी छापणार नाही. तुझ्या हलक्या हातावर लोक जीव टाकायचे. त्या तबकडीत तू पत्र्यावर खडे ओततोयस असं वाटतं. तुझ्या नावावर ते जाऊ देणं मला जमणार नाही. खोट टेपमध्ये नव्हती, माझ्या कामातही नव्हती. तुला वरचे सूर ऐकू येत नाहीत. एवढं एक वाक्य लिहायला मला इतके दिवस लागले, म्हणून आधी तुझ्यावर चिडून घेतलं. शुक्रवारी अकराला कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, मी न्यायला येते. नाही म्हणालास तर दारातच बसेन. चौथी तबकडी तुझ्याकडेच ठेव, हवी तेवढी लाव. लाखेची आहे, लवकर झिजेल. झिजली की दुसरी कोरून देईन. आणि सोबत पहिला नमुना पाठवलाय, त्याच्या कागदावर आजच सही कर. लावून बघू नकोस. तुला त्यात सिंबल सापडणार नाही. पण ते आहे, बाबा. मी ऐकलंय.

अजून चिडलेली, पण तुझीच,
भुणभुण