आतड्याची तार

४ मार्च
पुन्हा तुटली! ल्यूटची, म्हणजे माझ्या त्या जुन्या युरोपीय तंतुवाद्याची पहिली तार — सगळ्यात बारीक, सगळ्यात नाजूक — सपकन गालावर बसली. वळ उठलाय. दवाखान्यात पेशंट विचारतो, "डॉक्टर, घरी सगळं ठीक ना?"

मैफल अठ्ठावीसला. जवळ एकच तार उरली. तारा बनवणाऱ्या आजोबांना दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. बायको म्हणाली, "अहो, नायलॉनची लावा की." त्यावर मी आतड्याच्या तारेच्या जिवंत आवाजाबद्दल अर्धा तास बोललो. ती मध्येच केव्हा उठून गेली, कळलंच नाही.

९ मार्च
स्वतःच करायची! उभा जन्म लोकांचे दात कोरण्यात गेला, एक तार वळता येणार नाही? खाटकाकडे मेंढीची आतडी मागितली.
"काय करणार, डॉक्टर?"
"वाजवणार."
त्यानं सुरा खाली ठेवला.

१० मार्च
धुतली, खरवडली, ओलीच पिळली, दोन खिडक्यांच्या गजांना ताणून बांधली. स्वतःवर बेहद्द खूश.

११ मार्च
वास. बायको बहिणीकडे गेली.

१३ मार्च
वाळली. दिसते चपलेच्या बंदासारखी. वाजतेही तशीच.

१५ मार्च
नाक मुठीत धरून आजोबांच्या घरी फोन केला. त्यांच्या पत्नी बोलल्या. "हे जानेवारीत गेले." मी — लिहितानाही लाज वाटते — "अरेरे" म्हणालो आणि त्याच श्वासात, "काही तारा शिल्लक असतील का?" पलीकडून, "रविवारी या."

१८ मार्च
आज गेलो होतो. घरामागे लांबट खोली, भिंतीला लाकडी चौकटी, सगळ्या रिकाम्या. बाई स्टुलावर बसल्या होत्या. काहीतरी सांत्वनपर बोलायला हवं म्हणून मी सुटलो — आजोबांच्या हाताला तोड नव्हती, विशेषतः गेल्या सहा-सात वर्षांतल्या तारा, अहो काय ती सफाई, असा हात पुन्हा होणे नाही!

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "नऊ वर्षांपूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले," त्या म्हणाल्या. "तेव्हापासूनच्या सगळ्या तारा माझ्या."

माझं तोंड उघडंच राहिलं. दिवसभर दुसऱ्यांना उघडायला सांगतो, ते.

"तुमची पत्रं मी वाचून दाखवायचे त्यांना. एकदा लिहिलं होतंत, हे बाईमाणसाचं काम नव्हे. फार हसले होते हो! डोळ्यांतून पाणी."

त्या हसल्या. मग रिकाम्या चौकटीवरून हात फिरवला. जानेवारीपासून त्यांनी एकही तार वळली नव्हती. "पलीकडच्या टोकाला तेच बसायचे. टोक धरायला कोणी नाही, म्हणून हातच लागत नाही कामाला."

मी बाह्या सरसावल्या. टबात आतडी भिजत होती — म्हणजे सकाळीच आणून ठेवली होती त्यांनी! मी टोक धरलं, त्यांनी पीळ द्यायचं चाक फिरवलं. "ओढू नका, दाढ नाहीये ती." दुपारपर्यंत सहा तारा चौकटीवर. त्यातल्या दोन माझ्यामुळे वाया.

२३ मार्च
पार्सल आलं. चार तारा, गुळगुळीत, काचेसारख्या. बायको परत आली. (दोन्हींचा संबंध नाही असं ती म्हणते.)

२८ मार्च
तार टिकली. मीच दोन ठिकाणी चुकलो. बाई तिसऱ्या रांगेत होत्या. नंतर भेटल्या. "चाळीस वर्षं आमच्या घरात तारा होतात. वाजताना आज पहिल्यांदा ऐकली. ओली आतडी टाकून मैफलीला कुठे जाणार? हेच जायचे नेहमी." मग म्हणाल्या, "मधे अडखळलात ना?"

२ एप्रिल
बाई दवाखान्यात आल्या. नंबर लावून, पेशंटच्या रांगेत बसून. खुर्चीत घेतलं, दिवा लावला, "आ करा" म्हणालो. त्यांनी तोंड घट्ट मिटून ठेवलं.
"दात उत्तम आहेत," त्या म्हणाल्या. "मला वाजवायला शिकवाल?"
वय अडुसष्ट. उद्या सकाळी सातला येणार आहेत.