प्रथिन एकटं पुरत नाही

बाई, दौंडहून सुटलेल्या डेमू गाडीत बसून हे लिहितेय. खिडकीची जागा मिळालीय, वही मांडीवर घेतलीय. ज्यांच्या हाताखाली मी पीएच.डी. करते ते माझे सर आज पुण्यात आमच्या कामावर भाषण देणार आहेत. त्यांच्या एका स्लाइडवर जे लिहिलंय ते खरं नाही, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. माझ्या प्रबंधावर सही त्यांचीच लागते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण सकाळपासून मला राग येतोय तो तुमचाच.

कारण तो अकरावीचा वर्ग. तुम्ही शिरूरहून एसटीने येता, पर्समधून शिवणाची रिळं काढता आणि टेबलावर दोरा गुंडाळून दाखवता. पेशीतला डीएनए असा प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, म्हणून एवढा लांब धागा एवढ्याशा जागेत मावतो. सगळ्या पेशींत असंच, जिवाणूतही, असं तुम्ही सांगितलंत आणि आम्ही मुकाट लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी हजेरीच्याही आधी म्हणालात, "काल मी चुकीचं सांगितलं. जिवाणूत सहसा अशी रिळं नसतात. खोडा." मी उठून विचारलं, "मग बाई, तिथं कोण गुंडाळतं?" "मला ठाऊक न्हाई. खाली बस." मी बसले, पण प्रश्न काही बसला नाही. संध्याकाळी घरी कौतुकानं सांगायला गेले, तर रेल्वेत पॉइंट्समन असलेले आमचे आप्पा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "सोताला येत न्हाई, आन् पोरांस्नी काय शिकवनार ह्या बाई?" असं म्हणणारे आप्पा एकटेच नव्हते. पुढच्या वर्षी तुमच्याकडून अकरावी काढून घेतली. आठवीच्या वर्गाकडे जाताना तुम्ही व्हरांड्यात दिसायचात, तेव्हा मला कसंतरीच व्हायचं. 'खोडा' असं सांगून तुम्हाला काय मिळालं, बाई?

आता तोच प्रश्न माझं काम झालाय. जिवाणूचा डीएनए आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. चमकणारा रंग लावला की तो लांब, वळवळता दिसतो. त्यात आमचं एक प्रथिन घातलं की त्याचा एकदम ठिपका व्हायचा. सर खूश. "हे प्रथिन एकटंच डीएनए आवळतं" असं स्लाइडवर चढलं. पण आमच्या लॅबची एक खोड आहे. प्रथिन ज्या द्रावणात विरघळवतो, त्याची बाटली कधी पूर्ण संपू द्यायची नाही. तळाशी थोडं उरलं की त्यावरच नवं ओतायचं, विरजण राखावं तसं. ही सरांची काटकसर. गेल्या महिन्यात ती बाटली फुटली. मी नवी भरली, आणि ठिपका होईना. डीएनए नुसता इथंतिथं वाकायचा. फुटक्या तळाशी राहिलेलं तपासून घेतलं, तेव्हा कळलं की आधीच्या कुठल्याशा प्रयोगातलं दाटी करणारं रसायन त्यात इतके दिवस मुरत होतं.

बाई, पेशीच्या आत नुसतं पाणी नसतं, तिथं प्रथिनांची आणि कशाकशाची खच्चून गर्दी असते. ते रसायन तशीच गर्दी नळीत आणतं. नुसतं तेवढंच घातलं तर डीएनए ढिम्म. प्रथिन आणि दाटी दोन्ही असली की क्षणात गोळा. सहलीला आपण एकमेकींचे हात धरून फलाटावर रांगेत उभ्या होतो, गाडीतली माणसं उतरली आणि कुणी न ओढता आपली रांग एका जागी गोळा झाली, तसंच. हात धरलेले हवेत आणि गर्दीही हवी. खरं तर हे उत्तर जास्त छान आहे, पण ते स्लाइडवर नाही.

परवा सरांना सगळं दाखवलं. त्यांनी शांतपणे बघितलं. म्हणाले, "आधी भाषण होऊ दे. बाहेरची मोठी माणसं येतायत. तुझ्या प्रबंधावर माझी सही अजून व्हायचीय, लक्षात आहे ना?" हसत म्हणाले, त्यामुळे जास्त भीती वाटली. आज सकाळी स्टेशनवर सोडताना सगळं ऐकून आप्पांनी विचारलं, "मग जातीस कशाला? ताप आलाय म्हन." मी फलाटावरूनच सरांना फोन लावला. "सर, मला कुणी विचारलं तर मी खरं ते सांगणार." त्यांनी फोन बंद केला. त्यानंतर त्यांनी उचलला नाही.

उरुळी स्टेशन गेलं. हे पत्र कुठं टाकायचं, तुम्हाला आता पत्ता कुठला, वहीतच राहील. विचारलं तर सांगणार, बाई, तेवढं पक्कं आहे. पण भाषण संपल्यावर सर "काही प्रश्न?" म्हणतील, तेव्हा एकही हात वर होऊ नये, म्हणून मी दौंडपासून देवाला विनवतेय.