जिंकलेल्या चषकातलं पाणी

चाकण, ४ ऑगस्ट

चि. वर्षालीस, काकाचे अ. उ. आ.

हे वाचण्याआधी जेवून घे. मुरारी चालवतो त्या कंपनी बसमधून तुझ्या प्रयोगशाळेची जाळीची पिशवी पाठवतोय. दिव्याचा सापळा सांगितलास तसा रात्रभर पागेत टांगला. सकाळी पिशवीत काळ्या गाळासारखे डास, निम्मे आपल्या बिजली घोडीचं रक्त पिऊन टम्म. एक बोटाखाली फुटला, तेव्हापासून भाकरी गिळवत नाही.

तुझी अंबूकाकू डेंग्यूनं अजून दवाखान्यातच आहे. माझ्या खोल्यांतले भाडेकरू दबक्या आवाजात बोलतात, पण माझे कान तुला ठाऊक आहेत. घोडीच्या घाणीनं बाई आजारी पडली म्हणे. काल बैठकीत मला तोंडावर सांगितलं, साफसफाईला पंधरा दिवस देतो, त्यानंतरच्या पिशवीत डेंग्यूचे डास निघाले तर पागा इथून हलवायची. पंक्चर काढून काढून घर उभं केलं, पोरी. शर्यतीत बैलगाड्यापुढं पळणारी घोडी दाराशी असावी, एवढा एकच शौक केला.

माया आहेच; पिशवी उघडल्यावरही ठेव.

तुझा दत्तूकाका


रहाटणी, ७ ऑगस्ट

ती. काकांस, नाक दाबून सा. न. वि. वि.

पिशवी निवडली. बहुतेक डास गटारातले. पण पांढऱ्या पट्ट्यांचेही थोडे आहेत, आणि डेंग्यूचे तेच. लपवणार नाही, खोटं मोजायला तुम्ही शिकवलं नाहीत.

मात्र पट्टेरी डासाला लीद नको असते. त्याचं सगळं सोवळ्यातलं: स्वच्छ, साठलेलं, कुणी न हलवलेलं पाणी. तो लांब उडतही नाही, म्हणजे पाणी पागेजवळच आहे. पिंप, टायर, कुंड्या, सगळं बघा. पंधरवड्यानं दुसरा सापळा लावू.

रागावलात तरी माझ्या वाटची माया बाजूला काढून ठेवा.

वर्षाली


चाकण, ११ ऑगस्ट

चि. वर्षालीस आशीर्वाद.

दोनदा ओकून मग लिहायला बसलोय. मी आणि घोडी सांभाळणाऱ्या सोनबानं पागेमागची नाली उपसली. मुतावर साय धरली होती, आणि ती साय हलत होती. सगळ्या अळ्याच. टायर विकले, पिंप पालथं घातलं. तरी दुपारी बिजलीच्या पोटाखाली पट्टेरी हजर.

शेवटी डोळे मिटून कान लावले. गुणगुण वरनं येत होती, फळीवरनं. तिथं चैत्रातल्या जत्रेचा मोठा चषक. आपली रीत तुला माहीत आहे. जिंकली की घोडीला पहिलं पाणी चषकातनं पाजायचं, उरलेलं सांडायचं नाही. पाणी सांडलं की यश सांडलं. दर शनिवारी मी त्यात भर घालतो, आणि हात वर करून पळीभर तीर्थ घेतो. आत बघत नाही.

काल खाली उतरवून बघितलं. अळ्या डोकं खाली करून लोंबत होत्या, तळाशी त्यांच्या कातींचा लगदा. हे मी पीत होतो, पोरी. आणि ताप चढला त्या दिवशी, गुण येईल म्हणून, अंबूलाही एक पळी दिली.

फरशीवर ओतलं सगळं. घोडीकडे मान वर करून बघवलं नाही. हे काकूला कळू देऊ नकोस.

कळलं तर तिचा लोभ संपेल. तुझा तरी शिल्लक असू दे.

दत्तूकाका


चाकण, ३० ऑगस्ट

चि. वर्षालीस अंबूकाकूचे पोटभर आशीर्वाद.

मी घरी आले हाय. दुसऱ्या पिशवीत पट्टेरी डास एकबी न्हाई, हे तुझं पत्र यांनी बैठकीत मोठ्यांदा वाचलं. पागा हाय तिथंच ऱ्हायली.

पण तुझ्या काकांचं काहीतरी बिनसलंय. सगळे चषक घासून फळीवर पालथे मांडलेत. येणारा-जाणारा विचारतो, दत्तोबा, औंदा हरला व्हय? माझ्यासमोर जेवत न्हाईत, घास तोंडाशी नेला की माझ्याकडं बघून खाली ठेवतात. काल सोनबाला दम दिला, तवा त्यानं सगळं सांगितलं.

अगं, ती पळी मी तेव्हाच मोरीत थुंकली. कुबट वास येत व्हता. यांना वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाई.

आता दोन घास पोटात जावेत म्हणून सांगीन त्यांना. पण शनिवार उलटला की रविवारी सांगीन. आत न बघता मला पाजलं न्हवं, तवर दर शनिवारच्या तीर्थाची चव आठवू दे.

तू ये, लोभ ताटात वाढून ठेवते.

अंबूकाकू