बवंडरचा सोनेरी डबा

प्रिय दीप्ती,

पंचफुला आत्याचा तुले जयभीम. फोन तू उचलत नाही, मेसेज वाचते अन् गप्प बसते, म्हणून हे पत्र. शुद्ध मराठी मी तुझ्या होणाऱ्या सासूसाठी राखून ठेवली आहे, तुले मी बोलते तशीच लिहीन. पहिले एक सांगून टाकते, म्हणजे तू कागद फेकणार नाही. तू तुझ्या होणाऱ्या नवऱ्यावर, पियुषवर भडकली ते बरोबर भडकली. त्या लॉनवर लग्न असेल तर मी पुण्याहून येतच नाही, असं तू म्हटलं, ते त्यानं तोंड पाडून आम्हाले सांगितलं. त्याले बिचाऱ्याले कळेना की एका लॉनवरून एवढं काय झालं. त्या जागेचं अन् आपलं काय आहे हे त्याच्या घरी कोणाले ठाऊकच नव्हतं. मले ठाऊक होतं, अन् मी ती जागा आता डोळ्यांनी पाहून आली आहे, म्हणून तुझ्याहून जास्त किळस मले आली आहे.

मागच्या रविवारी पियुषचे आईबाप, तुझा बाप अन् मी असे पाहायले गेलो. हिंगण्याच्या पुढं जिथं रंगविहार पार्क होतं, तिथं आता 'बवंडर लॉन्स' अशी झगमग पाटी आहे. पाळणे, झुलती नाव, पाण्याची घसरगुंडी, सगळं भंगारात गेलं. बवंडर, म्हणजे ती रुळावरून गरगर वरखाली धावणारी रोलर कोस्टर, तिचेही रूळ कापून विकले. शेवटचा उतार, खालचा फलाट अन् एक डबा तेवढा ठेवला. त्या डब्याले सोनेरी रंग मारला आहे, कडेनं प्लास्टिकचे गुलाब, आत लाल मखमल. नवरी त्यात बसते, मशीन डबा वर ओढून नेते, मग धूर सोडतात, गाणं वाजतं, अन् नवरी उतारावरून खाली येते. खाली नवरदेव हात पुढं करून उभा. याले म्हणे 'हेरिटेज एन्ट्री' म्हणतात. तिथली मॅनेजर हिमानी सांगत होती की लोक जेवणासाठी नाही, याच्यासाठी तारखा धरून राहिले. आपल्यात वंदना होते, पांढरी साडी, पांढरे कपडे, हार घातले की लग्न लागलं. त्याच्या आधी नवरीनं धुरातून लोखंडी गाडीवर बसून यायचं, हे कोणत्या शहाण्याच्या डोक्शातून निघालं ते काही मले समजलं नाही. पियुषची आई मात्र टाळ्या वाजवत होती, अन् त्यात तिची काही चूक नाही, तिच्यासाठी तो सोन्याचा रथच होता.

माझ्यासाठी नव्हता. दीप्ती, तो डबा मी धुतला आहे. मी पार्कात कामाले होती एवढंच तुले माहीत आहे. काम काय होतं ते ऐक. लोक बवंडरवर बसायचे, खाली यायचे अन् ओकायचे, अन् ते साफ करायले मी. बादली, खराटा अन् फिनाइल. कोण काय खाऊन आलं हे मले त्याच्या तोंडाकडं न पाहता कळायचं. सकाळी शाळेची सहल आली की तर्री-पोहा. दुपारी आली की सावजीचं मटण, अन् तेही मे महिन्यात तापलेल्या लोखंडावर, वास विचारू नको. सावनेरकडून नवी जोडपी यायची. नवरा हिंमत दाखवायले दोन दोन कुल्फ्या खाऊन बसायचा अन् बायकोच्या शालूवर सगळं बाहेर काढायचा. ती बिचारी रडत नळावर यायची, मी तिचा पदर धुऊन द्यायची. ज्या मखमलीवर तुले बसवणार आहेत, तिच्या खालच्या फटीतून मी काडी घालून घालून काय काय काढलं आहे ते लिहीत नाही, तुझं जेवण व्हायचं असेल. तिकिटाच्या खिडकीत बसायले वेगळ्या पोरी होत्या. आडनाव विचारून कामं वाटली होती. माझं आडनाव ऐकून पार्कच्या मालकानं, सेठनं, कोपऱ्यातल्या खराट्याकडं बोट दाखवलं होतं. ओकारीचा वास आठ दिवसांत अंगवळणी पडला, त्या बोटाची शिसारी अजून गेली नाही.

तरी हे सगळं मी गिळलं असतं. मळमळलं ते भिंतीवरची फरशी वाचून. फलाटाच्या भिंतीवर मोठी काळी फरशी लावली आहे, तिच्यावर सोनेरी अक्षरात बवंडरचा इतिहास खोदला आहे, अन् वर सेठचा हार घातलेला फोटो. तो वारला हे तुले माहीत आहेच. त्यात लिहिलं आहे की मध्य भारताची शान असलेली ही गाडी सेठजींनी परदेशातून कोरी करकरीत आणली, लाखोंना निर्मळ आनंद दिला, अन् एकही अपघात न होता ती सन्मानानं निवृत्त झाली. पियुषचे वडील मोठ्यानं वाचून दाखवत होते. तुझा बाप बाजूले उभा राहून ऐकत होता, उजवा हात नेहमीसारखा खिशात. मी तोंडाले पदर लावून नळाकडं गेली. नळ अजून तिथंच आहे.

कोरी करकरीत म्हणे. ती आली तेव्हा कंटेनरमधून उंदरांची घरटी निघाली होती. दुसऱ्या कोणत्या तरी मुलुखानं जुनी झाली म्हणून काढून टाकलेली गाडी ती, सेठनं लोखंडाच्या भावात उचलली. तुझ्या बापाची हिंगण्याची कंपनी तेव्हा बंद पडली होती, वेल्डर होता तो, म्हणून जोडणीच्या कामाले लागला. तो सांगायचा की रंग खरवडला तर निळ्याच्या खाली लाल निघाला अन् लालच्या खाली पिवळा. सेठनं वरून हिरवा फासला, नारळ फोडला अन् जाहिरात दिली. पण खोटं कशाले बोलू, लोक वेडे झाले होते. दिवाळीच्या सुट्टीत रांग फाटकाच्या बाहेर जायची. म्हातारे लोकही फेटा काखेत धरून बसायचे अन् पोट्ट्यांसारखे ओरडायचे. अन् एवढी जुनी गाडी, ती आपली आपण थांबत नव्हती. फलाटावर माणूस उभा राहून ब्रेकचा दांडा ओढायचा तेव्हा थांबायची. आधी ओढला तर गाडी फलाटाच्या मागंच अडकायची, उशिरा ओढला तर पुढच्या गाडीवर आदळायची. तो दांडा सेठनं तुझ्या बापाले, आपल्या नत्थूले दिला. नत्थू दांड्यावर असला की मी निवांत असायची, कारण त्याच्या हातून थांबलेल्या गाडीत कमी लोक ओकायचे. हे फरशीवर नाही लिहिलं कोणी.

अन् अपघात झाला तेव्हा तू सातवी-आठवीत असशील. तुले एवढंच सांगितलं होतं की मशीनमध्ये हात आला. मशीनमध्ये आपोआप नाही आला. सेठचा भाचा, एक नंबरचा भैताड, दोस्तांले घेऊन आला अन् गाडी मी थांबवून दाखवतो म्हणाला. नत्थूनं नाही म्हटलं. त्यानं नत्थूले ढकललं अन् दांडा धरला. फलाटावर दुसरी गाडी उभी, तिच्यातून बायापोरं उतरून राहिली होती, अन् वरून ही येऊन राहिली. भाचा दोस्तांकडं पाहून हसत होता. नत्थूनं झेप घेऊन त्याच्या हातावरूनच दांडा ओढला अन् त्याचा स्वतःचा हात दांड्याच्या खाचेत सापडला. गाड्या भिडल्या, पण हळू भिडल्या. एका बाईचे दात पडले, बाकी सगळे आपल्या पायानं घरी गेले. तुझ्या बापाची दोन बोटं तिथंच राहिली. फलाटावरचं ते रक्त पण मीच धुतलं, माझ्याच भावाचं, कारण दुसऱ्या दिवशी सहल येणार होती अन् सेठनं मले सांगितलं, पंचफुला, लवकर आवर.

त्याच्याहून घाण गोष्ट संध्याकाळी झाली. सेठनं सगळ्यांले सांगितलं की ऑपरेटर पिऊन होता. आपला नत्थू. आमच्या बापानं दारूपायी घर बुडवलं म्हणून ज्यानं जन्मात बाटलीले हात लावला नाही तो नत्थू. पेपरात दोन ओळी आल्या, त्यात भाचा कुठंच नाही, 'मद्यधुंद कर्मचारी' तेवढा होता. अन् आपली बस्ती, जिनं त्याले लहानपणापासून पाहिलं, तिनं पण पेपरच खरा मानला. विहारात लोक त्याच्यापासून जरा सरकून बसायले लागले. कोणी बोलताना नाक पुढं करून वास घ्यायचे, मी पाहिलं आहे. मी घरोघरी भांडली, पण बहिणीचं कोण ऐकतं. तुझं ते पहिलं स्थळ मोडलं तेव्हा त्यांले नोकरीवाली नको होती असं तुझ्या आईनं तुले सांगितलं ना? तसं नव्हतं. दारूड्याची पोरगी नको, असा निरोप होता. नत्थू त्या दिवशी हुडकेश्वरच्या त्या बिल्डिंगवर वॉचमनची दुप्पट ड्युटी करून आला, अन् जेवला नाही. एवढ्या वर्षांत एकदाही त्यानं कोणाजवळ सफाई दिली नाही. मले त्याच्या गप्प राहण्याची पण कधी कधी चीड येते.

आता त्या रविवारचं राहिलेलं सांगते. हिमानी आम्हाले डबा चालवून दाखवणार होती, पण तिचा दांड्यावरचा माणूस काम सोडून गेला होता. नवा पोरगा झटक्यानं थांबवतो, मागच्या लग्नात नवरीचा गजरा उडून जेवणाऱ्या लोकांत पडला, असं ती हसत सांगत होती. नत्थू हळूहळू दांड्याजवळ गेला. हिमानी म्हणाली, काका, हात नका लावू, त्याले सवयीचा माणूस लागतो. ती चांगली पोरगी आहे, तिले काय माहीत. नत्थू म्हणाला, मले येते. डब्यात वजन पाहिजे होतं. पियुषच्या आईनं बीपीचं कारण सांगितलं, तर सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. अन् मी बसली. जो डबा मी हजार वेळा धुतला त्यात मी कधीच बसली नव्हती, कामवाल्यांले मनाई होती. नाकाले पदर लावूनच बसली. वरून खाली पाहिलं तर तुझ्या बापानं खिशातून हात काढला होता. तीन बोटांनी दांडा धरला होता, सगळ्यांच्या समोर. डबा सुटला, अन् मग तो फलाटाले असा लागला की पोटातलं पाणी हललं नाही. हिमानी तर पाहतच राहिली. तुझा बाप येताना गाडीवर मागं वळून एवढंच म्हणाला, सगळी बस्ती येईन वं पंचफुले लग्नाले.

तुझा नकार कळल्यावर तो म्हणाला, पोरीचं बरोबर आहे, अन् लॉन रद्द करायले निघाला. तुले यातलं काही सांगायचं नाही अशी त्यानं मले शपथ घातली, ती मी आता मोडून राहिली. शनिवारपर्यंत थांब म्हणून मी त्याले दारातून परत आणलं आहे, माझ्या पायाचं दुखणं सांगून. दीप्ती, ती जागा घाण आहे, ती फरशी घाण आहे, तो धूर अन् ते गुलाब पाहून मले आताही मळमळते, अन् तुले त्या डब्यात बसवणं ही माझ्या दृष्टीनं ओकारीची गोष्ट आहे. तुझं मनच झालं नाही तर मी तुले एका शब्दानं दोष देणार नाही, अन् मीच जाऊन लॉन रद्द करून येईन. पण तुझा बाप तुले हे कधीच म्हणणार नाही, म्हणून मी म्हणून राहिली आहे. नाक दाब, डोळे मीट, पाहिजे तर मले शिव्या दे, पण त्या डब्यात बस. ज्यांनी ज्यांनी त्याच्या तोंडाचा वास घेतला ते सगळे खाली उभे असतील, अन् त्यांच्या डोळ्यांदेखत नत्थूले दांड्यावर उभं राहून त्याच्या पोरीचा डबा थांबवू दे, अन् तिले उतरवू दे.

तुझीच,
पंचफुला आत्या